नामदेवरायांच्या घरातली आजी



वसई रोड स्टेशनातून पूर्वेला निघाले की तुंगारेश्वराच्या डोंगराखाली गोखिवरे लागते. एके काळचे हे शेतीवाडीचे गाव आता वसई-विरार महानगरपालिकेत आले आहे. शेतांच्या जागी कारखान्यांचे गाळे झाले, गाळ्यांच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. अंगण गेले, तसे तुळशीचे वृंदावनही गेले. तुळस मात्र गेली नाही, ती गॅलरीतल्या कुंडीत आली. सकाळी नळाला पाणी आले की कळशी भरण्याआधी त्या कुंडीत तांब्याभर पाणी घालणारी एखादी आजी तुम्हाला तिथे आजही दिसेल. गळ्यात तुळशीची माळ, ओठांवर नाम आणि लक्ष गॅसवरच्या दुधाकडे.

माउली, या आजीचा इतिहास कोणी लिहायचा?

वसईला इतिहास थोडा नाही. १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला त्याची बखर आहे, पत्रे आहेत, तारखा आहेत. पण त्या धामधुमीत ज्या बाईने घरातला देव सांभाळला, नातवंडांना एकादशी कधी ते सांगितले, तिचे नाव बखरीत येत नाही. बखर लढाईची असते, ओसरीची नसते.

आपल्या संप्रदायाचे मात्र तसे नाही. आपल्या संतांच्या गाथेत एक आख्खे घर नावानिशी नोंदलेले आहे, आणि त्या घरात एक आजीही आहे. तिचे नाव गोणाई.

आपण तिला नामदेवरायांची आई म्हणून ओळखतो. लहानग्या नामदेवाला नैवेद्य घेऊन राउळात पाठवणारी, एवढीच तिची ओळख आपल्याला कीर्तनातून असते. पण ती नारा, विठा, गोंदा आणि महादा या चार नातवांची आजी होती. जनाबाईंच्या एका अभंगात या घराची मोजदाद आहे. दामाशेटी आणि गोणाई, नामदेव आणि राजाई, चार मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना, बहीण आऊबाई, लेक लिंबाई आणि पंधरावी स्वतः जनी. सातशे वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याच्या घरातली माणसे आपण आज नावाने ओळखतो. त्या काळातल्या किती सरदारांच्या घरातल्या सुनांची नावे आपल्याला सांगता येतील?

आता विचार करा, पंधरा माणसांच्या घराला दोन वेळेला किती पीठ लागत असेल? दामाशेटींचा धंदा कापडाचा, शिवणकामाचा. नामदेवराय शके ११९२ चे, म्हणजे इसवी सन १२७० चे. त्यांचे मन सुईदोऱ्यात आणि हिशेबात रमले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. ते राउळात रमले, कीर्तनात रमले, पुढे ज्ञानेश्वर माउलींबरोबर तीर्थाटनाला गेले. त्यानंतर पंजाबपर्यंत जाऊन त्यांनी नामाचा झेंडा लावला. त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. आपल्याला याचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण नामदेव महाराज घुमानला होते तेव्हा पंढरपुरातली चूल कोणी पेटती ठेवली, हे आपण सहसा विचारत नाही.

गोणाईने ते विचारले होते. गाथेत गोणाईच्या नावावर अभंग आहेत, गोणाई आणि नामदेवांचा संवाद आहे. नवसाने मागून घेतलेला हा मुलगा. तो घराकडे पाहत नाही, धंदा करत नाही, देवाच्या पायाशी बसून राहतो, म्हणून ती रडते, रागावते, समजावते. तेवढ्याने भागले नाही तेव्हा ती थेट विठ्ठलापुढे जाऊन भांडते. माझा नामा मला परत दे, असे ती देवाला बजावते. राजाईचेही गाऱ्हाणे तिथेच आहे. घरात धान्य नाही, मुलांच्या अंगावर धड वस्त्र नाही, लोक काय म्हणतील, हे सगळे त्यात येते.

माउली, इथे थोडे थांबू या. एखाद्या सांप्रदायिकाला वाटेल, एवढ्या थोर भक्ताला अडवणारी ही आई अज्ञानी होती. पण आपल्या पूर्वजांना तसे वाटले असते तर त्यांनी हे अभंग गाथेत ठेवले नसते. शतकानुशतके वह्या उतरवताना गोणाईचे रडणे सहज गाळता आले असते. त्यांनी ते गाळले नाही. प्रपंच करणाऱ्या बाईचे गाऱ्हाणे हीसुद्धा देवाशी केलेली बोलणीच आहे, असे त्यांनी मानले. शिवाय भांडायला ती कोणाकडे गेली? विठोबाकडेच. ज्याच्यावर आपला हक्क आहे असे वाटते, त्याच्याशीच माणूस भांडते. देव आहे की नाही, असा संशय गोणाईच्या भांडणात कुठेही नाही.

या आजीच्या घरात काय पिकले तेही पाहा. गंगाखेडहून आलेली पोरकी जनी तिच्या घरात वाढली, दळता कांडता अभंग रचू लागली. घरातल्या सुना-लेकींच्या नावावरही अभंग आहेत. माउलींच्या समाधीचे जे अभंग आपण कार्तिक वद्य त्रयोदशीला ऐकतो, त्यांत समाधीची जागा झाडून साफ करणारे नारा, विठा, गोंदा, महादा आहेत. म्हणजे आळंदीच्या त्या सोहळ्यात झाडण्याची सेवा गोणाईच्या नातवांकडे होती. मुलाच्या भक्तीवर रुसलेल्या आजीने नातवांना भक्तीपासून दूर ठेवले नाही.

आणि शेवट तर आपण दर वारीत पाहतो. महाद्वारात गेल्यावर नामदेव पायरीवर आपण पाय ठेवत नाही, हात लावून तो हात कपाळी नेतो. शके १२७२, म्हणजे १३५०, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवराय तिथे विसावले. परंपरा सांगते की ते एकटे नव्हते, सारे घर त्यांच्याबरोबर होते. मागे राहिली ती सून लाडाई, कारण ती बाळंतपणासाठी दूर गेली होती. तिच्या अभंगात हा दिवस आणि आपण एकटी मागे उरल्याचे दुःख आले आहे. आपण त्या पायरीला हात लावतो तेव्हा गोणाईलाही लावतो. जिने देवाकडे मुलगा परत मागितला, तीच देवाच्या दारात मुलाजवळ राहिली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे.

गोणाईचे शब्द राहिले कारण ते कोणीतरी लिहून ठेवले. बाकीच्या आज्यांचे काय? त्यांचे अभंग जात्यावर होते. पहाटे दळताना त्या ओवी म्हणत, पहिली ओवी देवाला, मग माहेराला, भावाला, लेकाला, नातवाला. पंढरीची वाट, चंद्रभागा, रुक्मिणीचा रुसवा हे सारे त्यांत येई. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले, तशा ओव्याही गप्प झाल्या. मूळचे फ्रान्सचे आणि पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतव्हाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी विठ्ठलाच्या आहेत. त्या सांगणाऱ्या बहुतेक बायका शाळेत गेलेल्या नव्हत्या. हा आपल्या आज्यांचा गाथा आहे, माउली.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. कार्तिक वद्य एकादशीला आळंदी भरते, त्याच तिथीला आपल्या वसईजवळ निर्मळची यात्राही असते. ज्या आजीचे गुडघे आता आळंदीला किंवा पंढरीला जाऊ देत नाहीत, ती निर्मळला तरी मला घेऊन चला म्हणते. तिला घेऊन जा. आणि घरी आल्यावर वही घेऊन तिच्याजवळ बसा. पहिली वारी कोणाबरोबर केली, माळ कोणी घातली, नवस कोणता बोलली आणि कसा फेडला, जात्यावर काय म्हणायची, हे विचारा. देवावर कधी रागावली होती का, तेही विचारा. ती आधी हसेल, मग गप्प होईल, आणि मग सांगेल. ते जसेच्या तसे लिहा, तिच्याच बोलीत. चांगले दिसावे म्हणून गाऱ्हाणे गाळू नका. गोणाईचे कोणी गाळले नाही.

ज्यांच्या घरी आता ती राहिली नाही, त्यांनी निदान तिचे नाव लिहावे. अनेक घरांत आजोबांचे, पणजोबांचे नाव पाठ असते आणि आजीचे नाव विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. जनाबाईंनी घर मोजले तेव्हा सासू, सून, लेक, बहीण, दासी कोणालाच वगळले नाही. तेवढे तर आपल्यालाही करता येईल.

उद्या सकाळी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालताना ती दिसली, तर आधी तिच्या पाया पडा. राउळ पुढे आहेच.

रामकृष्णहरी.