उंबरठ्यावरची दोन वर्षे : शाळा आणि महाविद्यालय यांमधील विद्यार्थ्याचा इतिहास



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य दहावीपर्यंतच्या मुलांना शिकवण्यात गेले. त्या मुलांचे पुढे काय होते, हा आजचा विषय आहे. दाखला हातात दिला की आपले काम संपले, असे शाळा धरून चालते. महाविद्यालय आपली खरी जबाबदारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून मोजते. मधल्या दोन वर्षांचा वाली कोण, हा प्रश्न शंभरांहून अधिक वर्षे दोन खंडांत चर्चिला जात आहे. अमेरिकेने त्यावर एक विशेष प्रयोग केला. एकाच विद्यार्थ्याचे नाव एकाच वेळी शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या अशा दोन्ही पटांवर घालावयाचे, असा तो प्रयोग होय. त्याचा इतिहास प्रामुख्याने सांगून मग आपल्याकडे वळावे, असे मी योजिले आहे.

एका शब्दाचे मूळ

'ज्युनिअर कॉलेज' हा शब्द महाराष्ट्रात १९७५ नंतर घरोघरी पोचला. हाच शब्द त्यापूर्वी सुमारे ऐंशी वर्षे शिकागो येथे रूढ झाला होता. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्येच पदवीची पहिली दोन वर्षे पुढच्या दोन वर्षांपासून वेगळी काढली, आणि १८९६ मध्ये त्या विभागांना 'ज्युनिअर' व 'सीनिअर' कॉलेज ही नावे मिळाली. पहिल्या दोन वर्षांतील शिक्षण स्वभावतः माध्यमिक शाळेच्याच जवळचे आहे, असे हार्पर यांचे मत होते. त्यांच्या प्रोत्साहनाने शिकागोजवळच्या जोलिएट गावी स्टॅन्ली ब्राउन या मुख्याध्यापकांनी १९०१ मध्ये माध्यमिक शाळेतच महाविद्यालयीन वर्ग सुरू केले. विद्यार्थी होते अवघे सहा. अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज ते हेच.

शिकागो विद्यापीठात पुढे रॉबर्ट हचिन्स यांनी याहून धाडसी पाऊल उचलले. १९३७ मध्ये त्यांनी माध्यमिक शाळेची शेवटची दोन आणि महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे जोडून चार वर्षांचा एकच अभ्यासक्रम उभा केला, आणि १९४२ पासून त्याच्या अखेरीस पदवी देण्यास प्रारंभ झाला. डीएनएच्या रचनेचे एक संशोधक जेम्स वॉटसन हे १९४३ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी येथेच दाखल झाले. तथापि, इतर विद्यापीठे ही लवकर मिळणारी पदवी मानण्यास राजी नव्हती. १९५१ मध्ये हचिन्स गेले आणि काही वर्षांतच ही रचना मोडली. विद्यार्थी हुशार होते आणि शिक्षणही उत्तम होते. पण या दरवाजातून बाहेर पडलेल्याला पुढचा दरवाजा उघडेल, याची तजवीज झालेली नव्हती.

१९५१ मध्येच फोर्ड प्रतिष्ठानाच्या शिक्षणनिधीने बारा महाविद्यालयांत लहान वयाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन प्रवेश दिला. कोरियातील युद्धाचे ते दिवस होते. सक्तीच्या लष्करी सेवेपूर्वी मुलांच्या पदरी दोन वर्षांचे उच्च शिक्षण पडावे, हा मूळ हेतू होता. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ही मुले अभ्यासात मागे पडली नाहीत असे दिसून आले. प्रारंभी काहींना जुळवून घेणे जड गेले, परंतु बहुतेकांनी ती अडचण ओलांडली.

दोन पटांवर एक नाव

या सर्व प्रयोगांत विद्यार्थी शाळा सोडून जात असे. त्याला शाळेतच ठेवून महाविद्यालयाचा विषय शिकवण्याची कल्पना निराळी. कनेटिकट विद्यापीठाने १९५५ मध्ये तसा उपक्रम सुरू केला. १९७२ मध्ये सिराक्यूज विद्यापीठाने परिसरातील शाळांच्या साहाय्याने दुसरा उपक्रम आखला. बारावीतील हुशार मुले शेवटच्या वर्षी कंटाळून वेळ घालवतात, ही शाळांची तक्रार त्यामागे होती. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये कायदा करून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने महाविद्यालयात विषय घेण्याची मुभा दिली. यालाच दुहेरी नोंदणी म्हणतात. एकच विषय, एकच परीक्षा, आणि तिचे फळ मात्र शाळेच्या व महाविद्यालयाच्या अशा दोन्ही खात्यांवर जमा होते.

वेळ वाचला, पैसा वाचला, हा लाभ उघड होता. दोष हळूहळू ध्यानात आले. विषय महाविद्यालयाचा असला, तरी पुष्कळदा वर्ग शाळेचा, शिक्षक शाळेचे आणि सोबतीही तेच असत. मुदत चुकली तर आठवण करणारे कोणी असे. प्राध्यापकांना भेटून शंका विचारणे, स्वतःचा वेळ आखणे, ग्रंथालयातून साहित्य शोधणे या गोष्टी अंगवळणी पडण्याची वेळच येत नसे. पुढे हाच विद्यार्थी श्रेयांकांची पुंजी घेऊन महाविद्यालयात आला, की कागदोपत्री तो अर्धाअधिक दुसऱ्या वर्षाचा ठरे. त्यामुळे नवागतांसाठी योजलेल्या परिचयवर्गांतून आणि पहिल्या वर्षाच्या मार्गदर्शनातून तो वगळला जाण्याचा धोका असे. श्रेयांक सर्वत्र मान्य होत, असेही नाही. उलट सोळाव्या वर्षी मिळालेला एखादा नापासाचा शेरा महाविद्यालयाच्या गुणपत्रकावर कायमचा राही. सल्ला विचारावा तर शाळेचा सल्लागार महाविद्यालयाकडे बोट दाखवी, आणि महाविद्यालयाचा शाळेकडे. दोन पटांवर नाव असलेला हा विद्यार्थी प्रत्यक्षात कोणाचाच नव्हता.

ला गार्डियाचा धडा

यावर खरा उपाय हुशार मुलांसाठी आखलेल्या योजनांतून आला नाही, ही इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ला गार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात जॅनेट लीबरमन या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने 'मिडल कॉलेज' नावाची माध्यमिक शाळा उघडली. शाळा अर्धवट सोडून देतील अशी ज्यांच्याविषयी भीती होती, नेमकी तीच मुले येथे घेतली गेली. ग्रंथालय आणि क्रीडागृह महाविद्यालयाचेच. आपल्याहून दोन-चार वर्षांनी मोठे विद्यार्थी कसे वागतात, कसे अभ्यास करतात, हे रोज डोळ्यांसमोर. वर्ग लहान, समुपदेशन नित्याचे, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अभ्यासक्रमाचाच भाग. येथे श्रेयांकापेक्षा सोबतीला अधिक महत्त्व होते.

२००२ पासून गेट्स प्रतिष्ठानाच्या साहाय्याने अमेरिकेत अशा 'अर्ली कॉलेज' शाळांची मोठी मालिका उभी राहिली. त्यांपैकी दहा शाळांत सोडतीने प्रवेश झाले होते, म्हणून सोडतीत नाव आलेल्या आणि न आलेल्या मुलांची न्याय्य तुलना करता आली. अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेच्या २०१३ च्या अहवालानुसार पहिल्या गटातील ८० टक्के व दुसऱ्या गटातील ७१ टक्के मुले महाविद्यालयात गेली. अभ्यासाच्या कालावधीत दोन वा चार वर्षांची पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात २२ टक्के आणि दुसऱ्यात केवळ २ टक्के होते. या शाळांत विषयांबरोबर मार्गदर्शकही दिलेला असतो, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे

मुंबईची एल्फिन्स्टन संस्था १८५६ पर्यंत शाळा आणि महाविद्यालय अशी एकत्रच होती. त्या वर्षी दोहोंची फारकत झाली आणि पुढल्या वर्षी विद्यापीठ आले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे दक्षिणा फेलो स्वतः शिकत असतानाच खालच्या वर्गांना शिकवीत. मोठ्याने धाकट्याला हात देण्याची ती जुनी रीत होती. पुढे सॅडलर आयोगाने १९१९ च्या अहवालात इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठापासून वेगळे काढावेत असे सुचवले. विद्यापीठाच्या दारात विद्यार्थ्याने बारा वर्षांच्या शिक्षणानंतर यावे, हा त्यामागील विचार. कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालानंतर १०+२+३ हा आकृतिबंध देशाने स्वीकारला. अधिक दोनचे ते वर्ग कोठे ठेवावयाचे, याचे उत्तर मात्र प्रांतोप्रांती निराळे झाले. महाराष्ट्रात ते पुष्कळदा महाविद्यालयांना जोडले गेले, गुजरातेत उच्च माध्यमिक शाळांत राहिले, कर्नाटकात पी.यू. कॉलेज झाले. त्यामुळे सोळा वर्षांचा मुलगा वडोदऱ्यात शाळकरी, आणि आपल्या बेळगावात कॉलेजकुमार! १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ही दोन वर्षे सर्वत्र शालेय शिक्षणात धरावीत अशी दिशा दिली, २०२० च्या धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला, आणि कर्नाटकात २०२२ मध्ये दहावी व पी.यू. परीक्षांची मंडळे एकत्र करण्यात आली.

मंडळे एक झाल्याने मुलाची वाट आपोआप सोपी होत नाही. सीमाभागातील आपल्या मुलांच्या बाबतीत तर उंबरठा दुहेरी आहे. दहावीपर्यंत मराठीतून गणित आणि विज्ञान शिकलेली मुलगी विज्ञान वा वाणिज्य शाखा घेते, आणि जून महिन्यात एकाच दिवशी तिची इमारत, शिक्षक, सोबती आणि ज्ञानभाषा ही सर्व बदलतात. 'लसावि' आणि 'घनता' तिला नीट ठाऊक असतात. अडते ते इंग्रजी नावाशी. वर्गात हात वर करून ते विचारण्याचा धीर पहिल्या सहा महिन्यांत झाला नाही, तर पुढे तो क्वचितच होतो. अशा मुलीला बुद्धी कमी आहे असे समजले जाते, आणि कालांतराने तिलाही तसेच वाटू लागते. आपल्या शाळेचे खरे नुकसान होते ते येथे.

अमेरिकेच्या इतिहासातून मला एकच निष्कर्ष काढावासा वाटतो. वर्ग कोठे भरतो आणि श्रेयांक कोण देतो, यापेक्षा त्या दोन वर्षांत मुलाला नावाने ओळखणारे आणि त्याची विचारपूस करणारे कोणी नेमलेले आहे काय, यावर त्याचे पुढचे शिक्षण अवलंबून असते. असा माणूस नेमण्यास सरकारी आदेशाची आवश्यकता नाही. दहावीची परीक्षा आणि पी.यू.चा पहिला दिवस यांमधल्या सुट्टीत पारिभाषिक शब्दांचा एक वर्ग, आणि पुढील दोन वर्षे प्रत्येक मुलामागे याच गावात शिकणारा वा नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी, एवढे या सभागृहातील मंडळींना निश्चित शक्य आहे. शाळेने दाखला द्यावा, पण त्या दिवशी पटावरचे नाव मनातून कमी करू नये. ज्यांचे आज आपण स्मरण करतो, त्यांच्या कामाचाच तो पुढचा भाग ठरेल.