पिंपरीची टाकी आणि समुद्राचा तळ

पिंपरीचा औद्योगिक इतिहास बहुधा सनावळीत सांगितला जातो. १९५४ साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन केली. १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. टाकीत काय चालत असे, हे मात्र त्या सनावळीत येत नाही.

फ्लेमिंग यांना पेनिसिलिन १९२८ मध्ये सापडले. ते मुबलक झाले दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेत ही बुरशी उथळ भांड्यांऐवजी खोल टाकीत वाढवता येऊ लागली तेव्हा. बुरशीला प्राणवायू लागतो आणि पाण्यात तो लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणून तळातून निर्जंतुक हवा सोडायची आणि पंख्याने द्रव घुसळायचा. तंतू वाढले की द्रव घट्ट होतो, हवा पोहोचत नाही. जास्त घुसळले तर तंतू तुटतात. साखर सढळ हाताने दिली तर बुरशी फोफावते, पण औषध कमी मिळते. चंबूत साधलेला प्रयोग मोठ्या टाकीत फसतो तो यामुळेच. रसायन, जीव आणि प्रवाह यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही.

हाच हिशेब आज समुद्रतळासाठी मांडला जातो. गालापागोसजवळ १९७७ मध्ये खोल समुद्रातले उष्ण झरे व त्यांभोवतीची जीवसृष्टी दिसली. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था आणि गोव्याचे राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र यांनी हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवर असा झरा कॅमेऱ्यात टिपला. झऱ्याचे पाणी हायड्रोजन सल्फाइड आणते, भोवतालचे थंड पाणी प्राणवायू. दोन्ही जिथे मिसळतात तिथे कित्येक जिवाणूंचे पोट भरते. अभ्यासक संगणकावर या पाण्याचे बारीक कप्पे पाडतात आणि प्रत्येकात काय आले, काय खर्ची पडले, काय वाहून गेले ते मांडतात. झऱ्यावर हुकमत कोणाचीच नसते. टाकीवर ती माणसाची होती, एवढाच फरक.

हॅमायसिन हे औषध देणाऱ्या सूक्ष्मजीवाला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ म्हणतात. गावाचे नाव शास्त्रात गेले. रात्रपाळीत फेस, तापमान आणि साखर सांभाळणाऱ्यांची नावे कुठेच गेली नाहीत. त्या पहिल्या पिढीतले जे हयात असतील, ते आता नव्वदीला टेकलेले असणार. त्यांच्या आठवणी आणि पाळीच्या नोंदवह्या आजच गोळा केल्या पाहिजेत. नाहीतर पिंपरीच्या इतिहासात टाकी राहील आणि ती चालवण्याची विद्या हरवेल.