सावकारांचे बंदर

पाठीशी डोंगर आणि पुढ्यात समुद्र अशा बेचक्यात इटलीतील जिनोआ सापडल्यामुळे त्याला आडवे पसरावयास भूमीच उरली नाही. ते उंच वाढत गेले, आणि बंदरापासून वर चढणाऱ्या त्याच्या गल्ल्या, ज्यांना तेथील लोक ‘कारुज्जी’ म्हणतात, इतक्या अरुंद राहिल्या, की दोन्ही हात पसरून समोरासमोरच्या भिंतींना एकाच वेळी शिवण्याचा खेळ मुलांना काही ठिकाणी सहज साधतो. ज्या नगराला पिकाऊ जमीन नाही की मागे मोठा मुलूख नाही, त्याला समुद्रावाचून गत्यंतर नव्हते. काळ्या समुद्रावरील काफापर्यंत त्याच्या गलबतांचा जो संचार होता, त्याचे मूळ पराक्रमाहून या दारिद्र्यात शोधणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

मुलांना या शहरात हिंडविताना कोलंबसाच्या घराचा मोह आवरावा. आज दाखविले जाते ते घर अठराव्या शतकात पुन्हा उभारलेले आहे, आणि ते कळताच मुलांचा उत्साह मावळतो. त्याच्याच शेजारी असलेल्या पोर्ता सोप्राना या वेशीची गोष्ट मात्र त्यांना रुचते: १२९० मध्ये जिनोआवाल्यांनी पिसाच्या बंदराची लोखंडी साखळी तोडून आणली आणि तिचे तुकडे आपल्या वेशींवर टांगले, ते पिसाला परत मिळावयास १८६० साल उजाडावे लागले.

परंतु या नगराचे खरे दप्तर बंदराच्या काठी, सान जॉर्जो या वाड्यात आहे. १२६० मध्ये बांधलेल्या या वास्तूने कैदखाना, जकातघर आणि पेढी अशी अनेक कामे पाहिली. १२९८ मध्ये कुर्झोलाच्या आरमारी युद्धात व्हेनिसचा पाडाव झाल्यावर मार्को पोलो जिनोआच्या बंदीत पडला, तो याच वाड्यात, अशी परंपरा आहे; तेथे पिसाचा रुस्तिकेल्लो हा लेखक त्याचा सोबती झाला, आणि एकाने सांगावे व दुसऱ्याने लिहावे अशा रीतीने ते जगप्रसिद्ध प्रवासवर्णन सिद्ध झाले. त्यात आपल्या ठाण्याचेही वर्णन आहे: तेथील राजाचा चाच्यांशी असा ठराव होता, की लुटलेल्या जहाजांवरील घोडे राजाचे आणि उरलेला माल चाच्यांचा. ठाण्याच्या वाचकाला हे फारसे भूषणावह न वाटले, तरी मुलांना याहून उत्तम काय सांगावे?

१४०७ मध्ये प्रजासत्ताकाच्या सावकारांनी आपली विखुरलेली कर्जखाती एकत्र केली आणि सान जॉर्जोची पेढी निघाली. सरकारजवळ परतफेडीला पैसा नव्हता. म्हणून कर्जाच्या बदल्यात करांची वसुली पेढीकडे लावून देण्यात आली, आणि करांमागून मुलूखही गेले. १४५३ मध्ये कॉर्सिका बेटाचा अंमल या पेढीकडे आला. हिशेबाच्या वह्यांतून राज्य उगवते ही गोष्ट, कंपनी सरकारचा अनुभव असलेल्या आपल्या देशाला, कोणी निराळी समजावून सांगावयास नको. वाड्यातील दालनात पेढीच्या दात्यांचे पुतळे आहेत. मोठी रक्कम देणाराचा बसलेला, त्याहून कमी देणाराचा उभा. ही मेख एकदा सांगितली, की मुले प्रत्येक पुतळ्याची ऐपत मोजू लागतात, आणि मला वाटते, त्या दालनात हिंडण्याची हीच योग्य रीत होय. नेपोलियनच्या अंमलात, १८०५ मध्ये, पेढी बंद करण्यात आली. वाड्यात आता बंदराचा कारभार चालतो.

धनको श्रीमंत आणि सरकार ऋणको, हा व्यवहार पाहुणचारातही दिसतो. राजा नसलेल्या प्रजासत्ताकाला परदेशी राजेरजवाड्यांना उतरविण्यास साजेसा राजवाडा नव्हता. म्हणून १५७६ मध्ये धनिकांच्या वाड्यांच्या याद्या, म्हणजे ‘रोल्ली’, ठरविण्यात आल्या, आणि पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे त्यांतील एखाद्या वाड्याच्या धन्यावर त्याची बडदास्त ठेवण्याची पाळी येई. या वाड्यांनी रुबेन्स हा चित्रकार इतका प्रभावित झाला, की त्याने १६२२ मध्ये जिनोआच्या प्रासादांच्या आराखड्यांचे पुस्तक छापले. २००६ मध्ये त्यांपैकी ४२ वाडे जागतिक वारसा ठरले. तूर्सी हा त्यांतील अत्यंत भव्य वाडा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला कर्ज देणाऱ्या निकोलो ग्रिमाल्दीने १५६५ मध्ये बांधावयास घेतला. आज तेथे नगरपालिका आहे, आणि पागानिनी या व्हायोलिनवादकाने आपल्या जन्मगावाला मृत्युपत्राने दिलेले व्हायोलिनही तेथेच जपून ठेवलेले आहे.