एकसष्टचा प्रश्न आणि दहा आकडी उत्तर

आज एका संख्येची गोष्ट ऐकू या : १,७६,६३,१९,०४९. एकशे शहात्तर कोटींहून मोठी ही संख्या साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका प्रश्नाचं उत्तर म्हणून आली.

प्रश्न असा. शून्य सोडून अशी पूर्ण संख्या शोधा, जिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येईल. ६१ च्या जागी ६० असते तर उत्तर ४ : सोळा साठे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग. ६२ असते तर उत्तर ८. पण ६१ साठी सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि मिळणारं वर्गमूळ म्हणजे आपली दहा आकडी संख्या. दर सेकंदाला एक संख्या तपासली, तरी सात वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे हे उत्तर चाचपडत सापडणारं नाही. ज्याच्याकडे ते आहे, त्याच्याकडे रीत असलीच पाहिजे.

ती रीत भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. तिचं नाव चक्रवाल. ६१ च्या जवळचा वर्ग ६४, म्हणून ८ घ्या. ३ जास्त होतात. आता अशी संख्या निवडा, जी ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने भाग जाईल आणि जिचा वर्ग ६१ च्या जवळ असेल. ती ७. पंधराला तिनाने भागून ५ आले. ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१. फरक फक्त ४.

इथे ब्रह्मगुप्त मदतीला येतात. इ. स. ६२८ मध्ये त्यांनी ‘भावना’ सांगितली होती : दोन अपुरी उत्तरं जोडून तिसरं तयार करण्याची युक्ती. तिने ३९ आणि ५ वरून २९७१८ आणि ३८०५ मिळतात. फरक उरतो १ चा. या दोघांच्या गुणाकाराची दुप्पट केली की २२,६१,५३,९८०.

१६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून मांडला. इंग्लंडमध्ये ब्राउंकरने स्वतंत्र रीत शोधली. पुढे ऑयलरच्या गैरसमजुतीमुळे समीकरणाला पेलचं नाव चिकटलं. आणि ६१ च्या जागची संख्या पूर्ण वर्ग नसेल, तर उत्तर प्रत्येक वेळी मिळतंच, हे अठराव्या शतकात लग्रांजने सिद्ध केलं. ‘बीजगणित’चा कोलब्रुककृत इंग्रजी अनुवाद आला तो १८१७ मध्ये.

श्रेयाची वाटणी अशी प्रामाणिकपणे केली, तरी भास्कराचार्यांचा वाटा तसूभरही कमी होत नाही. अभिमान वाटला तर जरूर वाटू द्या. पण आधी वही घ्या आणि ८, ३९, २९७१८ या पायऱ्या स्वतः चढून पाहा.