तांब्याच्या तारेकडून इंटरनेटकडे

'व्हॉइस ओव्हर इंटरनेट प्रोटोकॉल' अर्थात 'व्हीओआयपी' म्हणजे इंटरनेटच्या तंत्राने ध्वनिसंभाषण करण्याची पद्धत. परदेशी दूरध्वनीचा खर्च वाचविणारे साधन म्हणून ती प्रथम परिचित झाली. आता मात्र अनेक देशांत ती पारंपरिक दूरध्वनीची जागाच घेत आहे.

दोन पद्धतींतील फरक

पारंपरिक सेवेत संभाषण संपेपर्यंत दोन ग्राहकांमध्ये स्वतंत्र मार्ग राखून ठेवला जातो. दोघेही गप्प असले, तरी तो इतरांना मिळत नाही. इंटरनेट टेलिफोनीत आवाजाचे अंकीय संकेतांत रूपांतर होते, त्याचे साधारणतः २० मिलिसेकंदांचे तुकडे 'पॅकेट'च्या रूपाने निघतात आणि पलीकडे ते जोडून आवाज ऐकविला जातो. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास तो सहसा जाणवत नाही. तो फार वाढला, की बोलणारे एकमेकांचे वाक्य तोडू लागतात.

भारतातील वाटचाल

भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवर बोलता येई, देशातील दूरध्वनीवर मात्र नाही. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना ही सेवा देशांतर्गत क्रमांकांशी जोडून देण्याचा मार्ग मोकळा झाला. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'स्काइप'ने परदेशस्थ मुलांशी बोलणे अनेक घरांच्या आवाक्यात आणले. ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली.

विजेचा प्रश्न

तांब्याच्या तारेतून येणारी सुमारे ४८ व्होल्टची वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळते व तेथे बॅटऱ्या असतात. त्यामुळे घरातील वीज गेली, तरी साधा दूरध्वनी चालतो. फायबर जोडणीतील मोडेम मात्र घरच्या विजेवर अवलंबून असतो. वीज जाताच दूरध्वनीही मुका होतो.

ब्रिटनमध्ये याचे गांभीर्य प्रकर्षाने जाणवले. तेथे सुमारे १८ लाख लोक, प्रामुख्याने वृद्ध व आजारी, कळ दाबताच मदत केंद्राशी जोडून देणारी यंत्रे वापरतात. स्थलांतरानंतर काहींची यंत्रे निकामी ठरल्याचे गंभीर प्रकार घडले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने प्रमुख कंपन्यांकडून सुरक्षिततेची हमी घेतली. जुने जाळे २०२५ अखेर बंद करण्याची मुदतही पुढे जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. केवळ घरच्या दूरध्वनीवर विसंबून असलेल्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन क्रमांक लावता यावा, अशी तेथील नियामकाची अपेक्षा आहे.

बदल करण्यापूर्वी

मोडेमसाठी इन्व्हर्टर अथवा लहान यूपीएसची सोय करावी. जुना क्रमांक कायम राहील काय, फॅक्स व धोक्याची घंटा नव्या जोडणीवर चालेल काय, हे कंपनीकडून आधीच जाणून घ्यावे. घरात एकटे वृद्ध असल्यास चार्ज केलेला मोबाइल हाताशी ठेवावा आणि नवी जोडणी वीज बंद करून एकदा तपासून पाहावी.