लाल तांदूळ वेगळा, 'रेड यीस्ट राइस' वेगळा : कोलेस्टेरॉलची कॅप्सूल घेण्याआधी हे वाचा

भात गिरणीत नेलं की तांदूळ घरी येतो आणि कोंडा गुरांपुढे जातो. कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने भातात जे कामाचं आहे, ते बहुतेक या कोंड्यातच असतं. १०० किलो भातातून साधारण २० किलो तूस आणि ८ किलोच्या आसपास कोंडा निघतो. कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असतं. या तेलात ई जीवनसत्त्व आणि गॅमा-ओरायझेनॉल हे अँटिऑक्सिडंट घटक असतात.

दुकानात मिळणारं राइस ब्रान तेल ते हेच. वनस्पती तूप किंवा पामतेलाच्या जागी ते वापरलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. थोडंच! नेहमीचं तेल तसंच ठेवून वर हे चमचाभर प्यायलं तर उपयोग नाही. याही तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आहेतच.

मग घरचाच कोंडा खावा का? नको. गिरणीतून निघाल्यावर काही तासांतच त्यातलं तेल खवट व्हायला लागतं, म्हणून तेल कारखान्यात ताजा कोंडा लगेच तापवून घेतात. हलरच्या गिरणीत तर तूस आणि कोंडा एकत्रच पडतो. त्यापेक्षा हातसडीचा किंवा कमी पॉलिश केलेला तांदूळ खाल्लेला बरा. कोकणातल्या लाल तांदळाचा रंगही वरच्या थरातच असतो, जास्त पॉलिश केलं की तो जातो.

खरा घोटाळा पुढे आहे. 'रेड यीस्ट राइस' नावाच्या कॅप्सूलमध्ये आपला लाल तांदूळ नसतो. पांढऱ्या तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवून तो लाल करतात. ही पद्धत मूळ चीनची. या बुरशीत मोनॅकोलिन-के तयार होतं आणि तेच लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध. म्हणजे 'नैसर्गिक' म्हणून घेतलेली ही कॅप्सूल प्रत्यक्षात औषधच आहे, फक्त त्यात डोस किती हे प्रत्येक डबीत सारखं नसतं. युरोपात २०२२ मध्ये दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी मोनॅकोलिन असा नियम झाला. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये अशा गोळ्या घेतलेल्या अनेकांच्या किडनीला इजा झाल्याचं समोर आलं आणि गोळ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनची गोळी चालू असेल तर ही कॅप्सूल सोबत घेऊ नका, स्नायूंना इजा होऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, लिव्हर-किडनीचा त्रास असलेल्यांनी तर घेऊच नये. कॅप्सूल घेत असताना अंग दुखायला लागलं किंवा लघवी गडद झाली तर ती बंद करून डबीसकट डॉक्टरांकडे जा. मात्र डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी तेलाच्या किंवा तांदळाच्या भरवशावर स्वतःहून सोडू नका.