जुन्या गाडीच्या सस्पेन्शनची कुरकुर : शोध आणि उपाय

सुरत शहर तापीच्या मुखाजवळ वसले आहे. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांपर्यंत चढणारा पारा, असे तेथील हवामान. रबर आणि पोलाद या दोहोंनाही ते मानवत नाही. खाऱ्या व दमट हवेचा हा अनुभव गोमंतकातील वाहनधारकांनाही आहेच. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे वापरलेली मोटार सुरतेच्या उड्डाणपुलांवरील प्रत्येक सांध्यावर कुरकुरू लागली, तर नवल नाही. मात्र नेमके कारण न शोधता वरवर तेल सोडून आवाज बंद करणे धोक्याचे ठरू शकते.

आवाजाचे उगम

चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारे आर्म, दांडे व स्प्रिंगा जेथे वळतात वा हलतात, तेथे रबरी बुश किंवा ग्रीस भरलेले बॉल जॉइंट असतात. धातू धातूवर घासू नये, हे त्यांचे काम. रबर कडक झाले वा फाटले, अथवा बॉल जॉइंटचे रबरी आवरण फाटून ग्रीस वाहून गेले, की आवाज सुरू होतो.

गाडीच्या रचनेनुसार संशयाची जागा बदलते. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा मारुती ओम्नी यांच्या मागील बाजूस पाटे असतात. पाट्यांमध्ये धूळ व गंज साचला, की ते एकमेकांवर घासून करकरतात. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० च्या पुढील बाजूस स्ट्रट असतात. तेथे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे वरचे माउंटिंग आधी तपासावे. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना आवाज आला, तर संशय माउंटिंगवर किंवा बॉल जॉइंटवर घ्यावा.

शोधाची पद्धत

प्रथम आवाजाचा प्रकार ओळखावा. रबराचा आवाज लांबट व कुरकुरता असतो, तर ढिल्या सांध्याचा ‘खट्’ असा तुटक असतो. ब्रेक दाबताच आवाज सुरू किंवा बंद होत असेल, तर आधी ब्रेक तपासावेत. पावसात थांबणारा आणि रस्ते वाळताच परतणारा आवाज बहुधा पाट्यांचा किंवा कोरड्या बुशाचा असतो.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून एकेक कोपरा हातांनी दाबून सोडावा. एकाने गाडी हलवावी आणि दुसऱ्याने चाकाच्या कमानीतून, बोटे चिमटणार नाहीत अशा बेताने, एकेका सांध्याला हात लावावा. ज्या सांध्यात आवाज उमटतो, तेथे बारीक कंप जाणवतो. रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे सांध्याजवळ धरले, तरी उगम सापडतो.

खात्रीसाठी साधे पाणी पुरते. एका वेळी एकाच बुशावर पाणी फवारून गाडी पुन्हा हलवावी. आवाज क्षणभर थांबला, तर दोषी तोच. सर्व बुश एकदम भिजवले, तर काहीच कळत नाही.

बॉल जॉइंटची परीक्षा

ही तपासणी कधीही टाळू नये. जॉइंट निखळला, तर चाक आडवे पडते आणि गाडीवरील ताबा सुटतो. सुरतेतून धुळ्याकडे जाताना कोंडाईबारी घाट लागतो. भरलेल्या गाडीचा असा जॉइंट तेथे निखळला, तर काय होईल, हे सांगायला नको.

पुढचे चाक जॅकवर उचलून गाडीखाली भक्कम स्टँड लावावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला, तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे. खेळ नाहीसा झाला, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. कायम राहिला, तर बॉल जॉइंट संशयित. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतचा बहुतांश भाग बुडाला होता. फाटक्या आवरणातून पुराचे पाणी आत शिरले, की बाहेरून धड दिसणारा जॉइंट आतून गंजतो. पुरात उभी राहिलेली जुनी गाडी घेताना हे ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती

इंजिन ऑइल, डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल रबरावर टाकू नये. त्याने रबर फुगते व मऊ पडते. आवाज काही दिवस थांबतो, पण बुशाचे आयुष्य घटते. रबराला सिलिकॉन ग्रीस चालते. फाटलेला बुश मात्र बदलावाच लागतो, आणि तो डाव्या-उजव्या जोडीने बदललेला बरा. पाटे खोलून, गंज खरवडून, ग्रीस लावून बसवावेत. स्ट्रटची स्प्रिंग दाबाखाली असते. ती योग्य अवजार असलेल्या मिस्त्रीनेच उघडावी.

एक नियम अनेक गॅरेजांत पाळला जात नाही. रबरी बुशाचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन पडल्यावरच शेवटचा आवळा द्यावा. अन्यथा गाडी खाली येताच रबर पिळले जाते, नवा बुशही कुरकुरतो आणि लवकर फाटतो. काम संपल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढील नूतनीकरण ५ वर्षांसाठी होते आणि त्यासाठी वाहनाची तपासणी करून घ्यावी लागते. मात्र सस्पेन्शनची पाहणी या तपासणीपर्यंत लांबवू नये. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा ती करावी.